चुलीचा ताबा

चिखली,
२९ ऑक्टोबर १९६५

प्रिय कोकिळा,

भाऊबीज झाली. तुझ्या वहिनीने पाट मांडला, रांगोळी घातली, आणि मी त्यावर बसलो. मग काही वेळाने उठलो. ज्या बायकांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात, ही सोय शास्त्राने केलेली आहे. पण ज्याला बहीण आहे आणि ती सोनाळ्याहून हलत नाही, त्या भावाने काय करावे याचा आधार मला घरातल्या एकाही पोथीत सापडला नाही. ही तुझी चुकलेली चौथी भाऊबीज. पाचवीला मी सरळ चंद्रालाच बहीण मानणार आहे. तो निदान महिन्यातून एकदा पूर्ण दिसतो.

आता कामाचे. साखरखेर्ड्याहून जनकाचे सासरे आले होते. जनकाला सातवा संपत आला. पहिले बाळंतपण माहेरी, पण तुझ्या घराचे अर्धे छप्पर वैशाखातल्या वादळात उडालेले. व्याह्यांनी विचारले, "तुमच्या बहिणीला सहा महिन्यांत चार पत्रे ठोकता येत नाहीत?" मी म्हणालो, पत्रे आहेत, खिळे आहेत, हातोडीही आहे, नाही ती परवानगी. आमचे मेहुणे रामराव गेले. त्यांचे थोरले भाऊ शेषराव म्हणू लागले की घर, वावर सगळे आमचे, ही बाई मेहरबानीने राहते. बहिणीने वाटणीचा दावा लावला. कोर्टाने हुकूम दिला की निकालापर्यंत सगळे 'जैसे थे' ठेवा, शेषरावांनी तिला काढू नये आणि कोणी भिंत-छप्पर बदलू नये. म्हणून वादळाने जे केले ते तसेच राहणार. वादळ दाव्यात पक्षकार नव्हते, त्याला हुकूम लागू नाही.

व्याही सज्जन आहेत. हसले, आणि जनकाला चिखलीला मामाकडे पाठवायला तयार झाले. सरकारी दवाखाना इथून हाकेच्या अंतरावर आहे. तेव्हा तू मार्गशीर्षात ये. पोरीचे पहिलेच आहे. शेषराव तुझे थोरले दीर असतील, वाघ नव्हेत.

तुझा,
वामनदादा

सोनाळा,
७ नोव्हेंबर १९६५

दादांस कोकिळेचा नमस्कार.

पत्र वाचलं, दोन वेळा हसले, मंग पदर डोळ्याले लावला. तुम्ही शाळेत पोरायले शुद्ध बोलाले लावता, तर माह्या कागदावर लाल शाई नका फिरवू.

दादा, मले येता येत नाई. काऊन ते तुम्हाले कधी नीट सांगितलं नाई, आता सांगते. दावा लावला त्या साली कोर्टानं कमिशनर पाठवला होता, घर पाहाले. माहे थोरले दीर, भासरे, म्हणत होते की ही बाई इथं राहतच नाई, कुलूप लावून बसली. कमिशनर साहेब आत आले, वाकले, चुलीपाशी हात धरला अन् कारकुनाले म्हणाले, "लिहा, चूल गरम. सबब वादीचा ताबा." मी माह्या कानानं ऐकलं. त्या एका गोष्टीवर मले घरात राहू देलं.

तवापासून ही चूल म्या एक दिवस थंड होऊ देली नाई. सकाळी अन् दिवस बुडता. तारखेले जाचं असलं तर पहिल्या मोटारीच्या आधी चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या लावते, गोवरी दाबून ठेवते, अन् येऊन पुन्हा फुंकते. तापानं फणफणले होते तवा सरपटत गेले. भासरे रोज सकाळी अंगणात दातन करत उभे राहतात अन् माह्या छपराकडं पाहतात, धूर निघते का नाई ते. धूर दिसला की थुंकतात अन् आत जातात.

जनकेचं लगन इथंच देवळापुढं केलं. पाठवणी केली अन् वेशीतून वापस आले. माह्या पोरीच्या सासरचा उंबरा अजून म्या पाह्यला नाई.

गल्लीत कोनी माह्या घरी बसाले तयार नाई. सगळे भासऱ्याच्या वावरात कामाले.

तुम्हीच सांगा, कशी येऊ?

कोकिळा

चिखली,
१४ नोव्हेंबर १९६५

प्रिय कोकिळा,

वेदकाळी आहिताग्नी नावाचा गृहस्थ असे. त्याने घरात एकदा अग्नी स्थापला की मरेपर्यंत विझू द्यायचा नाही. सकाळ-संध्याकाळ आहुती द्यायची. त्याची माहिती सांगून मी गेली पंचवीस वर्षे दहावीच्या पोरांना जांभया आणतो. ते विचारतात, "सर, असा माणूस आता असतो काय?" मी सांगायचो, नाही. आता सांगीन, असतो. माझी सख्खी बहीण आहे. फरक एवढाच की त्याला त्यातून स्वर्ग मिळे, आणि तुला तारीख मिळते.

पण त्यालासुद्धा प्रवासाची सवलत होती. अग्नी मंत्राने लाकडात उतरवायचा, लाकूड बरोबर घ्यायचे, मुक्कामाला घासून पुन्हा काढायचा. मी आपल्या हिंमतराव वकिलांना विचारले, दिवाणी कायद्यात असे काही आहे काय? ते म्हणाले, "सर, विस्तव नेता येईल. खोली नेता येणार नाही."

मग नीट बसवून विचारले. म्हणाले, कायद्यात चुलीचा उल्लेख नाही. कमिशनरला राहत्या घराची खूण हवी होती, त्याला चूल दिसली. तुळशीवृंदावन दिसते तर तेही चालले असते. कोणी चार दिवस गावाला गेले म्हणून ताबा जात नाही. कुलूप लावावे आणि खुशाल यावे. इथवर ऐकून मला वाटले, झाले! चार वर्षे बाई उगाच धुरात बसली.

मी विचारले, "शेषरावांनी ते कुलूप तोडून स्वतःचे लावले तर?"

"तर हुकूममोडीचा अर्ज."

"मग?"

"मग त्यांचे म्हणणे."

"मग?"

"तारीख."

"तोवर ती राहील कुठे?"

हिंमतरावांनी टोपी काढली, डोके खाजवले, टोपी घातली आणि म्हणाले, "तुमच्याकडे."

तेव्हा कोकिळा, तुला वेडी म्हणायला हे पत्र सुरू केले होते, ते आता मला जमत नाही. छप्पन सालच्या कायद्याने विधवेला तिचा वाटा पुरा मालकीचा दिला. चांगला कायदा आहे, शहाण्या माणसांनी केला आहे. पण तो वाटा तुझ्या हाती पोचवायचा कसा, हे ठरवणारा कायदा एकोणीसशे आठ सालचा. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. माल नवा, गाडा जुना. दिल्लीत म्हणे एका आयोगाने हा गाडा दुरुस्त करायचा मोठा अहवाल दिला आहे. आता त्यावर विचार होईल. विचार सरकारी असल्याने तो होईपर्यंत जनकाची मुलगी किंवा मुलगा जो कोणी असेल तो मॅट्रिक होईल.

ये, एवढेच म्हणतो. कसे ते मलाही सुचलेले नाही.

वामनदादा

सोनाळा,
२८ नोव्हेंबर १९६५

दादांस नमस्कार.

परवा तारीख होती. गेले, दिवसभर वऱ्हांड्यात बसले, पुकारा झाला नाई. शिपाई म्हणे, साहेबांची बदली झाली, नवे यायचे हाईत. मी म्हटलं, अजी, मंग कागद तरी कोनी पाहते का? तो म्हणे, "बाई, कागद कुठं पळून जाऊन राह्यले?" खरंच हाय. कागद पळत नाई, मी पण पळत नाई.

पण एक गोष्ट सांगाची होती. तुम्हाले ठाव हाय, माही मोठी जाऊ गोजराबाई पलीकडच्या खोलीत राहते. मधात एकच भिंत. दावा लागला तवापासून भासऱ्यानं तिले माह्याशी बोलाची बंदी केली. चार वर्सं झाली, आम्ही एकमेकीचा खोकला ऐकतो, बोलत नाई. कापसाच्या दिवसात ती वावरातून आली की पाय आपटते, तवा मले समजते की आली.

मंगळवारी मी पीठ मळून राह्यले होते. भिंतीतून आवाज आला, "कोकिळे."

मी दचकलेच. म्हटलं, "कोन?"

"दुसरं कोन राहीन वं इथं? जनकेचे दिवस भरत आले म्हणते."

"हो."

"मंग बसली काऊन? जाय."

"चूल कोन पाहीन?"

तिकडं भांडं उतरवल्याचा आवाज आला. मंग म्हणे, "मी पाहीन. मागच्या दारानं येईन, जाळ घालीन, निघून जाईन. ह्यायले सकाळी धूर दिसला म्हणजे झालं. धुरावर काई नाव लिहेल नसते."

दादा, म्या जवाब देला नाई. तुम्हाले विचारते. तिले पोर नाई, तुम्हाले माहीत हाय. जनका रांगत होती तवा तिच्याच मांडीवर राहे.

कोकिळा

चिखली,
४ डिसेंबर १९६५

प्रिय कोकिळा,

नको. एका शब्दात नको.

मला गोजराबाईंचे काही वाईट म्हणायचे नाही. पण त्या शेषरावांच्या अर्धांगिनी आहेत. अर्धे अंग तुझ्या चुलीपाशी येऊन बसले की उरलेले अर्धे मागून येतेच. ही गोष्ट शरीरशास्त्रातही खरी आहे आणि दिवाणी कायद्यातही. चार वर्षे जी बाई खोकल्यापलीकडे बोलली नाही, तिला नेमके तू निघायच्या वेळी प्रेम आठवावे? तिला भिंतीमागून कोणी सांगायला लावले नसेल कशावरून? मागचे दार तू तिच्यासाठी उघडे ठेवलेस की कुलूप तोडण्याचेही श्रम शेषरावांना नकोत.

मी स्वतः येऊन बसलो असतो. पण सहामाही परीक्षा तोंडावर आहे, आणि मला चहासुद्धा करता येत नाही. शेषरावांना माझ्या हातचा धूर ओळखू येईल. तुझी वहिनी जनकाजवळ हवी.

दुसरी काही वाट काढू. घाई करू नकोस.

वामनदादा

चिखली,
२२ डिसेंबर १९६५

कोकिळा,

जनका गेल्या आठवड्यात आली. पाय सुजले आहेत. काल दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मीठ बंद, उठणे बंद, आणि रोज आणून दाखवा. आम्हाला नीटसे काही सांगत नाहीत. तुझ्या वहिनीला बाजूला घेऊन बोलल्या. ती घरी येऊन भांडी घासत बसली, घासलेली भांडी पुन्हा घासली.

जनका बोलत नाही. आज दुपारी मी वर्तमानपत्र वाचत होतो, तर म्हणाली, "मामा, आईले म्हणा, घर राहू दे." मी म्हणालो, कळवतो. मग थोड्या वेळाने म्हणाली, "नका कळवू. तिले घर सोडून येणं होनार नाई, अन् न येणं बी होनार नाई. उगाच जीव जाईन तिचा."

मी कळवतो आहे. चार तारखेचे माझे पत्र फाडून टाक. तो सल्ला माझ्यातल्या वकिलाने दिला असे समज. हे पत्र तिच्या मामाचे आहे.

ये.

सोनाळा,
२४ जानेवारी १९६६

दादांस नमस्कार.

सुखरूप पोचले. तुमच्या घरून निघाले तवा नातीनं माहं बोट धरलं होतं. वहिनीनं एकेक बोट सोडवलं, अन् मी मोटारीत बसले. जनकेच्या पायाची सूज उतरली का ते लिहा. तिले उठू देऊ नका, ती ऐकणार नाई.

आता इकडचं. दादा, तुमचंच खरं झालं.

मी मोटारीतून उतरले, घरी आले, दार उघडलं. चूल गरम होती. जाताना मागचं दार तिच्याच भरवशावर सोडलं होतं, मले वाटलं, गोजराबाईनं शब्द पाळला. पदर घेऊन तिच्या पाया पडाले जाणार होते. तितक्यात अंगणातून भासरे बोलले, चार वर्सांत पहिल्यांदा माह्याशी बोलले, हसून बोलले. "ये वं, ये. पाहुनी म्हणून ये."

मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यायनं कोर्टात अर्ज देला होता. बाई घर सोडून गेली, चिखलीले भावाकडं कायमची, अन् घर आमच्याच वापरात हाय. नवे साहेब आले होते. चार वर्सं जे कोर्ट हललं नाई, ते आठवड्यात हललं. कमिशनर आला. तो आला तवा माह्या चुलीपाशी कोन बसेल होतं? गोजराबाई. जाळ होता, जाळावर पितळेचं गंज चढवेल होतं.

कमिशनरनं विचारलं, "बाई, ही चूल कोणाची?"

भासरे दारात उभे. गोजराबाईनं डोक्यावरून पदर ओढला अन् भिंतीकडं तोंड केलं. आपल्याकडं कोनती बाई धनी समोर असता परक्या माणसाले जवाब देते? कमिशनरनं लिहून घेतलं, प्रतिवादीची पत्नी स्वयंपाक करताना आढळली, विचारले असता नाकारले नाही.

म्या भिंतीशी जाऊन जे तोंडाले आलं ते बोलले. "जनकेले मांडीवर घेतलं होतं ना वं तू? त्याच मांडीनं माहं घर दाबलं." तिकडून आवाज नाई. खोकलासुद्धा नाई.

आता मी घरात हावो, पण भासरे म्हणतात की पाहुनी हावो. पुढच्या तारखेले त्या अर्जाचा फैसला. अर्ज मंजूर झाला तर मले निंघा लागीन. चूल मी अजून पेटवते. काऊन ते माहीत नाई.

कोकिळा

चिखली,
२ फेब्रुवारी १९६६

प्रिय कोकिळा,

सूज उतरली. नात रडते, म्हणजे प्रकृती उत्तम. तिच्या रडण्याला व्याकरण नाही पण आशय स्पष्ट असतो.

माझे खरे झाले, असे तू लिहिलेस. इतक्या वर्षांत माझे काही खरे व्हावे ही माझी इच्छा होती. हे व्हावे असे नव्हते. आमच्या शास्त्रात घट्टकुटीप्रभात नावाचा एक न्याय आहे. जकात चुकवायची म्हणून एक गाडीवान आडरानाने हिंडत राहिला, आणि उजाडले तेव्हा गाडी थेट जकात नाक्यासमोर उभी. तुला आणि मला हे आता उदाहरणासह पाठ झाले.

हिंमतरावांकडे दोनदा जाऊन आलो. ते म्हणतात, एकच वाट आहे. गोजराबाईंनी सांगावे की ती चूल कोणाची आणि त्या तिथे का होत्या. दिवाणी दाव्यात बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष देता येते, कायद्याची हरकत नाही. मी म्हणालो, "कायद्याची नसेल. पण साक्ष देऊन संध्याकाळी ती बाई जेवायला कुठे जाईल?" ते म्हणाले, "सर, तुम्ही फार पुढचे विचारता."

पण विचारायची वेळच येणार नाही, कारण शेषराव तिला स्वतःच साक्षीला आणणार असे त्यांच्या वकिलाच्या कारकुनाकडून कळले. तिने फक्त 'हो' म्हणायचे आहे.

तू तिला काही बोलू नकोस. शिव्याही नको आणि विनवण्याही नको. मला ती बाई काय आहे ते कळत नाही, असे मी आज पहिल्यांदा लिहितो.

वामनदादा

सोनाळा,
१० एप्रिल १९६६

दादांस नमस्कार.

तारीख गुरुवारी झाली. लिहाले बसते अन् उठते, तीन दिवस झाले.

भासरे अन् गोजराबाई माह्याच मोटारीनं आले. ते पुढं, ती मागं, मी सगळ्यात मागं. ती नवं लुगडं नेसली होती. माह्याकडं पाह्यलं नाई.

पुकारा झाला. ती पिंजऱ्यात उभी राहिली. कारकुनानं शपथ देली अन् म्हणे, "नवऱ्याचं नाव सांगा."

तिनं पदराचं टोक दातात धरलं.

"बाई, नाव सांगा."

तिनं हनुवटीनं दाखवलं. "ते काय, बसले ना बाकावर."

सगळे हसले. साहेब बी हसले अन् म्हणाले, लिहा, शेषराव. भासऱ्याचे वकील उठले. त्यायनं गोड आवाजात विचारलं, "दक्षिणेकडच्या खोलीतली चूल तुम्ही पेटवत होता?"

"हो."

"रोज?"

"दोन्ही टाईम."

"कमिशनर साहेब आले तेव्हा चुलीवर गंज होतं?"

"होतं."

वकील साहेबाकडं वळले, झालं म्हणून. बसाले लागले, तर साहेबांनीच विचारलं. तरणे हाईत, चष्मा घालतात. "बाई, गंजात काय शिजत होतं?"

"पानी."

"पाणी? कशासाठी?"

"कायसाठीच नाई. उकळे, अन् मी फेकून देत होते. मंग दुसरं ठेवो."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "असं का करत होता?"

दादा, तिनं पदर मागं घेतला. भासरे समोर बसेल होते अन् तिनं पदर मागं घेतला. म्हणे, "चूल कोकिळेची हाय. तिची पोर अडली होती, तिले जाचं होतं. अन् तिले वाटते का चूल विझली तर सरकार तिचं घर घेईन. खरं खोटं मले माहीत नाई, मी शिकेल नाई. पण ती चार वर्सं बसली त्या धुरात. मले भिंतीतून ऐकू ये. म्या तिले म्हटलं, जाय, मी पाहीन. अन् म्या पाह्यलं."

"मग कमिशनरना त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"हे दारात होते ना जी."

"आजही समोरच आहेत."

"आज तुम्ही शपथ घातली."

वकील उठून काईतरी इंग्रजीत बोलले. हिंमतराव माह्या कानात म्हणाले, "फितूर साक्षीदार म्हणून राह्यले तिले." मी म्हटलं, कोनाले फितूर? ते कागद चाळाले लागले.

अर्ज नामंजूर झाला. जैसे थे. पुढची तारीख उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर.

आम्ही मोटारीपाशी आलो. भासरे आधी चढले. कंडक्टरनं विचारलं, "सोनाळा किती?" भासऱ्यानं मागं न पाहता म्हटलं, "एक."

गोजराबाई खालीच उभी. मोटारीत गावातले सात-आठ लोक. सगळे खिडकीबाहेर पाहाले लागले. म्या म्हटलं, "माह्याकडून दोन फाडा." तिचा हात धरून तिले वर घेतलं. चार वर्सं भिंतीतून बोलाची हौस होती, अन् बाजूले बसल्यावर काई सुचत नाई.

आता ती माह्या खोलीत हाय. पलीकडच्या खोलीले भासऱ्यानं कुलूप लावलं. तिचं दुसरं लुगडं बी आतच.

मी तिची माफी मागितली. ती म्हणे, "राहू दे. शिव्या तू चांगल्या देतं, मजा आली." अन् मंग रडली.

कोकिळा

चिखली,
१९ एप्रिल १९६६

प्रिय कोकिळा,

मी डिसेंबरात त्या बाईबद्दल जी कोटी केली होती, अर्ध्या अंगाची, ती शिक्षकांच्या खोलीत सांगून मी वाहवाही मिळवली होती. तुझे पत्र आल्यावर ती कोणाला पुन्हा सांगितली नाही. याहून अधिक मला आज लिहिता येत नाही.

हिंमतरावांना आनंद झाला आणि लगेच चिंताही झाली. ते म्हणतात, गोजराबाई तुझ्या खोलीत राहिल्या तर शेषराव नवा अर्ज देतील: माझी बायको तिथे राहते, बायकोचे राहणे म्हणजे माझेच राहणे. म्हणजे तिला घरात ठेवलेस तर तुझा ताबा डळमळतो. तिला एकटीला तिथे ठेवून तू निघालीस तर अधिकच. दोघी निघालात तर घर रिकामे. मी म्हणालो, "हिंमतराव, यातली कोणती गोष्ट केलेली चालते?" ते म्हणाले, "कोणतीही न केलेली."

तिला माझ्याकडे पाठव. घर लहान आहे, पण कोणी तिला जैसे थे राहायला सांगणार नाही. आणि जनका पुढच्या महिन्यात साखरखेर्ड्याला जाणार. त्याआधी तू यावेस असे ती म्हणते. मी म्हणालो, कळवतो.

वामनदादा

सोनाळा,
१ मे १९६६

दादांस नमस्कार.

आज सुट्टीचा दिवस, शाळेत झेंडा लागला, पोरायले गूळ वाटला. गोजराबाई पाहाले गेल्ती. तिले आता कुठंबी जाता येते. मलेच येत नाई.

तुमच्याकडं ये म्हटलं तर ती येत नाई. म्हणे, "चिखलीले जाऊन मी कोन? मास्तरच्या बहिनीची जाऊ?" भासऱ्यानं दोनदा माणूस पाठवला, वापस ये म्हणून. निरोप असा की कोर्टात जाऊन सांग, मी बावळट बाई हावो, काईबाई बोलून गेले. तिनं त्या माणसाले पानी देलं अन् पाठवून देलं. हिंमतराव म्हणतात तसा अर्ज भासरे देणार, सुट्टी संपली की. देऊ द्या.

मी येऊ शकत नाई, हे जनकेले तुम्हीच सांगा, तुम्हाले गोड बोलता येते. नाहीतर असं करा. तिले अन् नातीले आठ दिवस इकडंच पाठवा. पानी पडेपर्यंत अर्ध्या छपरात चौघी मावतो. गोजराबाईनं बाजंवर आताच गोधडी टाकून ठेवली.

दादा, एक काम हाय, तिचंच हाय. तिले दावा लावाचा हाय. भासऱ्यावर, राहाच्या जागेसाठी अन् पोटगीसाठी. छप्पन सालच्या कायद्यात बायकोले बी काई देलं हाय म्हणे, शाळेच्या मास्तरनं सांगितलं. म्या तिले तीन दिवस समजावलं. म्हटलं, "गोजरे, नको यात पडू. माह्याकडं पाहाय. पाच वर्सं होत आली. पोरीच्या दारात गेले नाई, भावाले ओवाळलं नाई, एका चुलीपाशी बसून म्हातारी झाले. हे कोर्ट नाई, हे दावं हाय. एकदा गळ्यात पडलं का खुंट्याभोवतीच फिरा लागते."

ती भाकर थापत होती. थापता थापता म्हणे, "खुंटा तरी हाय ना तुले. मी सत्तावीस वर्सं त्या घरात रांधलं. दोन्ही टाईम, वीस-वीस माणसाचं. एका शब्दात बाहेर निंघाले. कमिशनर आला तर माहं काय पाहीन? तुले तरी एक चूल भेटली कोकिळे, माह्या नावाची कोनती हाय ते सांग."

म्या तिच्यापुढं जाळ सारला. अन् हा कागद लिहाले बसले.

तवा हिंमतरावांकडून वकीलपत्राचा कागद आणून पाठवा. आंगठा ती इथंच देईन. नवऱ्याचं नाव तुम्ही लिहून ठेवा, तिच्यानं घेतलं जाणार नाई.

कोकिळा